रोमवाल्यांचे दोन प्रवाद

दरवर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळाची स्मरणिका निघते आणि दरवर्षी कोणीतरी मला फोन करून सांगतं, "अहो, तुमच्या त्या रोमवाल्यांवर लिहा ना. तुम्ही तर एका खोलीत राहिलात. जरा हलकंफुलकं, हसवणारं." मी हो म्हणतो आणि लिहीत नाही. हसवणारं पुष्कळ आहे, त्याची ददात नाही. पण रोमवाल्यांवर लिहायला बसलं की चार परिच्छेदांनंतर माझ्यावर लिहावं लागतं, आणि तिथे माझं घोडं अडतं. त्यांनी एकदा माझ्यासाठी आपला पासपोर्ट अडकवून घेतला होता आणि मी वेळेवर परत गेलो नाही. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसणाऱ्यांनी बेताने हसावं.

अबुधाबीतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ऑफिस मुसाफ्याच्या कारखानदारी भागात, राहायला शहरात कंपनीचा फ्लॅट, एका खोलीत तिघं. एक मी, नाशिकचा, चोवीस वर्षांचा दीडशहाणा. दुसरा मालवणकडचा फोरमन, जो घोरायचा आणि ते कबूल करायचा नाही. आणि तिसरे हे, मिरजेचे. पन्नाशीला टेकलेले, काटकुळे, बारा महिने पायमोज्यांवर सँडल. कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. प्रत्येक ड्रॉइंग, प्रत्येक पत्र यांच्या खिडकीतून आत यायचं आणि बाहेर जायचं. शिक्का बसल्याशिवाय कागद हलायचा नाही. नवीन ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारायचा, सुपरसीडेड. म्हणजे हा कागद मेला, आता याच्यावरून कोणी भिंत बांधू नये.

हे मेलेले कागद काका घरी आणायचे. ऑफिसात सगळे त्यांना रोमवाले म्हणत, मी काका म्हणायचो. स्टीलची पट्टी लावून त्या मोठ्या प्रिंटांचे ते सारखे तुकडे करायचे, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहायचे. अमोनिया प्रिंटांचा वास आमच्या खोलीत कायम भरलेला असे. फोरमन म्हणायचा, "हयसर झोपलंय की मुतारीत, काय कळणा नाय." काका त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

लिहायचे काय, तर रोमचा इतिहास. एक गोरा कन्सल्टंट देश सोडून जाताना हिरव्या पुठ्ठ्याची सात पुस्तकं कचऱ्याच्या ड्रमशेजारी ठेवून गेला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा ग्रीक माणसाने लिहिलेली रोमच्या आरंभाची हकीगत, डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी. काकांनी ती उचलली, "बांधणी चांगली होती म्हणून." मग वाचली. मग मराठीत आणायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं.

"काका, हे करताय कुणासाठी?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कन्सल्टंटसाठी."

"कुठला कन्सल्टंट?"

"मिरजेचा."

आमच्या धंद्यात कागद तपासून मंजूर करतो तो कन्सल्टंट, आणि मिरजेचा कन्सल्टंट म्हणजे त्यांची बायको. तिथल्या एका शाळेत इतिहास-मराठी शिकवायच्या. काकांना फॅमिली व्हिसा मिळेल एवढा पगार कधी झालाच नाही, त्यामुळे लग्नाचा बराचसा संसार पोस्टाने चाललेला. दर गुरुवारी काका आठवडाभराची पानं पाकिटात घालायचे. आत ऑफिसातल्यासारखाच ट्रान्समिटल फॉर्म: अनुक्रमांक, प्रकरण, रेव्हिजन झीरो. आणि महिना-दीड महिन्याने ती पानं लाल शाईत न्हाऊन परत यायची. वरच्या कोपऱ्यात काकूंनी कोड लिहिलेला असायचा. आमच्या धंद्यातले कोड त्यांनी नवऱ्याकडून शिकून घेतले होते. ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेरे पाहून मंजूर, सी म्हणजे पुन्हा करून आणा. "या वाक्यात कर्ता कुठे पळाला? कोड सी." "सेनापतीचं भाषण तीन पानं? शत्रू तोवर झोपला होता का? कोड बी." काका ते शेरे वाचून स्वतःशी हसायचे, मग ड्रॉइंग रजिस्टरसारखी एक वही होती तिच्यात नोंद करायचे. पाठवल्याची तारीख, परत आल्याची तारीख, कोड. चौदा वर्षांचा तो पत्रव्यवहार होता. "आय लव्ह यू" म्हणायची सोय त्यांच्या पिढीला नव्हती, हे मी आता म्हणतो. तेव्हा मी फोरमनला कोपर मारून हसायचो.

त्या ग्रीक माणसाची एक लकब होती. एखादी गोष्ट कशी घडली याबद्दल दोन मतं असली की तो दोन्ही मांडायचा. काही असं सांगतात, दुसरे तसं सांगतात. काकांनी त्याला मराठीत "प्रवाद" असा शब्द घेतला होता, आणि तो शब्द त्यांच्या तोंडात असा बसला की विचारायची सोय नाही. डाळ करपली तरी, "एक प्रवाद असा की गॅस मोठा राहिला. दुसरा प्रवाद असा की फोरमनने पाणीच घातलं नाही. मला दुसरा अधिक विश्वसनीय वाटतो, पण पहिलाही सोडवत नाही." फोरमन चमचा आपटायचा. बसला उशीर झाला, प्रवाद. पगार लांबला, प्रवाद दोन. मॅनेजर इन्शाल्ला म्हणाला, तर त्याचे किमान तीन.

"हा माणूस परका होता रे," ते मला सांगायचे. शुक्रवारी सकाळी ते पिठलं करायचे आणि मी कांदे चिरायचो, तेव्हा त्यांचा वर्ग भरे. "मालकांच्या शहरात आला, बावीस वर्षं राहिला, मालकांची भाषा शिकला, त्यांचे जुने कागद वाचले. आपल्याला काय येतं? यल्ला आणि खलास, चला आणि संपलं. आणि त्याने सिद्ध काय केलं माहितीये? की हे रोमन मुळात ग्रीकच आहेत. आपलेच नातेवाईक."

"खरं होतं ते?"

"छे! पण मालक आपलाच चुलतभाऊ निघाला की हुकूम जरा कमी टोचतो." मग पिठल्यात पळी फिरवत, "मी शोधतोय अजून. आपला मॅनेजर मिरजेचा निघतो का ते."

एकदा शारजाच्या रोल्लामध्ये, एका मराठी खानावळीच्या वरच्या हॉलमध्ये, मंडळाचा कौटुंबिक मेळावा होता. कोणाच्या तरी डोक्यात आलं, रोमवाल्यांना दहा मिनिटं बोलू द्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिली पंचवीस मिनिटं मान्यवर जांभया देत होते. मग जुळ्या मुलांची गोष्ट आली, नदीत सोडलेल्या. बायका सावरून बसल्या. "एक प्रवाद असा की त्यांना लांडगिणीने दूध पाजलं," काका म्हणाले, आणि तिथे थांबले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण थांबतील ते काका कुठले! "दुसरा प्रवाद असा की लांडगीण-बिंडगीण काही नव्हती. ती एका गुराख्याची बायको होती, आणि तिचा आधीचा धंदा चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता, म्हणून लोक तिला तसं म्हणत." पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मोठ्याने विचारलं, "मम्मा, व्हॉट वॉज हर जॉब?" खानावळीचे मालक धावत माइककडे आले, "खलास करा हो आता, वडे गार पडतायत." परतीच्या बसमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "काका, दुसरा कशाला सांगितलात? पहिला चालला असता." ते म्हणाले, "मग दुसऱ्याचं काय करायचं? शिक्का मारायचा?"

ते असं का म्हणाले हे मला पुढच्या वर्षी कळलं. आमच्या एका साइटवर परांचीवरून एक मजूर खाली पडला आणि गेला. परांची म्हणजे पहाड, स्कॅफोल्डिंग. आमच्या फोरमनच्या हाताखालचा होता, तेलंगणाकडचा, पंचविशीचा. पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की त्याला सेफ्टी बेल्ट दिलाच नव्हता. चार दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला, रेव्हिजन वन. बेल्ट दिला होता, त्याने काढून ठेवला. पहिल्यावर शिक्का मारून तो फाडून टाका, असं काकांना वरून सांगण्यात आलं. काकांनी शिक्का मारला. नोकरी होती, न मारून करतात काय! पण कागद फाडला नाही. घरी आणला आणि त्याच्या पाठीवर रोममध्ये धान्याच्या टंचाईने माणसं मेली ते प्रकरण लिहिलं. ते पान मिरजेला गेलं. काकूंनी दोन्ही बाजू वाचल्या असाव्यात, कारण त्या पानावर लाल शाईचा एकही शेरा नव्हता. कोपऱ्यात नुसता ए. फोरमन त्या दिवशी जेवला नाही आणि त्यानंतर अमोनियाच्या वासाबद्दलही कधी बोलला नाही.

आता माझं येतं.

त्या काळी पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. सरकारी कामं बघणारा मंदूब म्हणून एक माणूस असे, किल्ली त्याच्याकडे. दोन वर्षांनी हक्काची रजा. मधे घरी काही झालं तर इमर्जन्सी लीव्ह, पंधरा दिवस, पण त्याला जामीन लागायचा. कंपनीतल्या दुसऱ्या कोणीतरी फॉर्मवर सही करायची, की हा परत येईल. तो परत येईपर्यंत सही करणाऱ्याचा पासपोर्ट तिजोरीतून निघणार नाही, मग त्याच्या घरी काही का होईना. सगळे या फॉर्मला टरकून असत. चहा पाजणारे, पत्ते खेळणारे, "भाई, कुछ भी काम हो तो बोलना" म्हणणारे, त्या दिवशी नेमके सगळे साइटवर असायचे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला. मी फॉर्म घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत फिरलो. शेवटी काकांच्या खिडकीशी उभा राहिलो. विचारायची लाज वाटत होती, कारण सहा महिन्यांनी त्यांची स्वतःची रजा होती. त्यांनी फॉर्म ओढून घेतला, वाचला, दोनदा वाचला, आणि सही केली.

"ओलीस लागतोच कोणीतरी," म्हणाले. "परवाच ते प्रकरण पूर्ण केलंय. गुरुवारी कन्सल्टंटकडे गेलं. तुला सांगितलं ना?"

सांगितलं होतं. रोमला वेढा घालणाऱ्या राजाने तह करताना रोमच्या मुली ओलीस ठेवून घेतल्या. त्या नदीवर अंघोळीला म्हणून गेल्या आणि पोहून घरी पळून आल्या. शहराने काय केलं? मुली धाडसी म्हणून कौतुक केलं, आणि त्यांना परत शत्रूच्या छावणीत नेऊन पोचवलं. शब्द दिला होता म्हणून. राजा एवढा खूश झाला की त्याने त्यांना सोडूनच दिलं. काकांची ही सगळ्यांत आवडती गोष्ट. तिच्यात त्यांनी प्रवाद कधी काढला नाही.

"जा. वडिलांना बघ," ते म्हणाले. "आणि ये."

वडील वाचले. आठव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं, बाराव्या दिवशी ते अंगणात फेऱ्या मारू लागले. त्याच सुमारास एका मित्राने पुण्याजवळच्या कारखान्यातल्या नोकरीचं सांगितलं. डिझाइन विभाग, कॉम्प्युटरवर काम, घरापासून चार-पाच तासांवर. मी मुलाखत दिली. ते म्हणाले, कळवतो. पंधरा दिवस संपले. मी विचार केला, कळेपर्यंत थांबावं. नाही मिळाली तर अबुधाबी आहेच. कंपनीला फॅक्स केला, वडील अजून गंभीर आहेत. फॅक्सच्या दुकानात वडिलांनीच दिलेली नवीन छत्री घेऊन गेलो होतो, ती तिथेच विसरलो. काय काय लक्षात राहतं माणसाच्या!

काकांना मी कळवलं नाही. काय कळवणार? सांगायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

मी अठ्ठावन्न दिवस राहिलो. त्यातल्या एकतिसाव्या दिवशी मिरजेला काकूंना शाळेत वर्गावर असताना झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्यानंतर त्या नऊ दिवस जगल्या. हे मला परत आल्यावर फोरमनने सांगितलं. काका मंदूबकडे गेले होते. त्याने फाइल काढून माझा फॉर्म दाखवला. वाईट माणूस नव्हता तो, काकांना खुर्चीवर बसवून चहा दिला म्हणे. "तुझा माणूस येऊ दे, त्याच दिवशी तू जा. इन्शाल्ला येईल." काका मॅनेजरकडे गेले नाहीत. फोरमन म्हणाला, मी सांगितलं त्यांना, जाऊन ओरडा, रडा, पाय धरा, सोडतील. ते म्हणाले, ओलिसाने आरडाओरडा करायचा नसतो. पन्नास दिरहमचं फोनकार्ड घेतलं, पाचशे रुपयांचं, आणि चौकातल्या बूथवरून त्यांनी दोन फोन केले. एक मिरजेला. एक माझ्या घरी नाशिकला.

पुण्याची नोकरी मला मिळाली नाही. म्हणून मी परत आलो. मिळाली असती तर आलो नसतो, हे आज मी इतकं सरळ लिहू शकतो, कारण आता ते वाचायला काका नाहीत.

मी बॅग घेऊन खोलीत शिरलो. काका पलंगावर बसून शर्टाचं बटण लावत होते. मी बरोबर आंब्याचं लोणचं आणलं होतं, त्यांना आवडायचं ते. मला अजून काही माहीत नव्हतं. "घ्या काका," मी म्हटलं. त्यांनी बरणी घेतली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि कपाटात ठेवली. "वडील कसे आहेत?" मी म्हटलं, बरे आहेत आता. "चांगलं झालं," म्हणाले आणि मंदूबकडे गेले, पासपोर्ट मागायला. मग फोरमनने मला गॅलरीत नेलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "येवचा नाय होता, तर तसा सांगूक तरी होया होता." मालवणी माणूस शिव्या देईल, अंगावर येईल असं वाटलं होतं. त्याने काही केलं नाही. आत जाऊन झोपला.

काका मिरजेहून बारा दिवसांनी परत आले. तोवर मी मनाशी जुळवाजुळव करून ठेवली होती. म्हटलं, काका, तुमचा फोन आला तेव्हा मी झोपलो होतो. आईने नंतर सांगितलंच नाही. वडिलांची तब्येत वर-खाली होत होती, म्हणून राहिलो. मला काकूंचं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "असा एक प्रवाद."

मी थांबलो. दुसरा येईल म्हणून थांबलो. तो आला नाही.

पुढे सात वर्षं आला नाही. लग्न होईपर्यंत मी त्यांच्याच खोलीत राहिलो, त्यांच्याच शेजारच्या पलंगावर. ते मला एका शब्दाने बोलले असते तर मी सुटलो असतो. पण रोजच्यासारखं "पिठलं करतोय, कांदा चिर" म्हणायचे. डाळ करपली तर मात्र आता नुसतं "करपली" म्हणायचे. लिहिणं बंद झालं. सुपरसीडेड ड्रॉइंगं ऑफिसातच श्रेडरमध्ये जाऊ लागली. खोलीतला अमोनियाचा वास हळूहळू गेला, आणि फोरमन एकदा पांघरुणातून म्हणाला, "वास येणा नाय तर झोप येणा नाय." ती वही काकांच्या उशाशी असायची. एकदा ते अंघोळीला गेले असताना मी उघडली. शेवटची नोंद ओलिसांच्या प्रकरणाची. पाठवल्याची तारीख होती. परत आल्याचा रकाना रिकामा होता, कोडचाही रिकामा.

माझं लग्न झालं, पगार वाढला, मी वेगळं घर घेतलं. दर शुक्रवारी त्यांना जेवायला बोलवायचो. यायचे. माझ्या मुलीला गोष्टी सांगायचे, ती इंग्रजीत प्रश्न विचारायची, ते मराठीत उत्तरं द्यायचे. बायको म्हणायची, किती साधा माणूस आहे. मी उठून पाणी प्यायला जायचो.

दोन हजार तीनमध्ये त्यांची साठी झाली आणि व्हिसा संपला. दुपारचं विमान होतं. मी सोडायला गेलो. सामान म्हणजे एक बॅग आणि ती सात हिरवी पुस्तकं दोरीने बांधलेली. चेक-इन झालं, चहा घेतला, आणि आता बोललो नाही तर कधीच नाही असं वाटून मी म्हटलं, "काका, त्या वेळचं एक सांगायचं राहिलंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "थांब. आधी मी सांगतो. मी तुझ्या घरी फोन केला ना, तो तुझ्या आईने घेतला. मी विचारलं, वडील कसे आहेत. म्हणाली, छान आहेत, अंगणात फिरतायत. भोळी बाई, तिला काय माहीत. मग म्हणाली, तो झोपलाय, उठवू का?"

वडील बरे आहेत हे त्यांना सात वर्षं ठाऊक होतं.

"मी म्हटलं, नको."

"का?" मी जवळजवळ ओरडलो. आजूबाजूचे बघू लागले. "का काका? मला उठवलं असतं, सांगितलं असतं काकूंचं, तर मी दुसऱ्या दिवशी—"

"आला असतास. किंवा नसतास आला." ते बोटाने टेबलावरचा चहाचा थेंब पुसत होते. "मला ते बघायचं नव्हतं. जागा माणूस एकच काहीतरी उत्तर देतो रे. झोपलेल्या माणसाबद्दल दोन प्रवाद राहतात. मला दोन हवे होते. परत येऊन तू त्याच खोलीत राहणार होतास."

"पण काकू..."

"हो," ते म्हणाले. "तो दोष माझ्याकडे लागतो. त्याला दुसरा प्रवाद नाही."

मग उठले, पुस्तकांची दोरी हातात घेतली, मला म्हणाले, "तू काय सांगणार होतास?"

मी म्हटलं, "काही नाही."

"बरं," ते म्हणाले आणि आत गेले.

सहा-सात महिन्यांनी मिरजेहून एक पाकीट आलं. आत ट्रान्समिटल फॉर्म, त्यांच्या अक्षरात. काकूंच्या कपाटात त्यांना ओलिसांचं प्रकरण सापडलं होतं. तपासून झालं होतं, फक्त पोस्टात पडायचं राहिलं होतं. बारा दिवसांच्या त्या रजेत कपाट उघडायचा धीर झाला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत होती. कोपऱ्यात कोड बी. मुलींना छावणीत परत पोचवलं त्या ओळीखाली लाल रेघ, आणि समासात काकूंचा शेरा: "मुलींना कोणी विचारलं का?" त्याखाली काकांनी निळ्या शाईत लिहिलं होतं, "शेरा योग्य. मूळ ग्रंथात उत्तर नाही." त्यानंतर दीड वर्षांनी ते गेले. मी मिरजेला जाऊन आलो. त्या वेळी रजेला जामीन लागला नाही.

स्मरणिकेला हे चालणार नाही, मला माहीत आहे. त्यांना रोल्लातली लांडगिणीची गोष्ट देऊन टाकीन, लोक हसतील. पण काकांना मी विमानतळावर जे सांगितलं नाही, ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. आता अबुधाबीबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या घरात दुपारी फोन वाजला की मी कुठेही असलो तरी पळत जाऊन उचलतो, आणि मुलगी म्हणते, "बाबा, रिलॅक्स, इट्स जस्ट अ फोन."

त्या दुपारी नाशिकला फोन वाजला तेव्हा मी आतल्या खोलीत कॉटवर पडलो होतो. आई म्हणाली, "अबुधाबीहून?" आणि मी भिंतीकडे तोंड केलं. पंख्याच्या आवाजात तिचं मधलं बोलणं मला कळलं नाही. तिने दारातून डोकावून पाहिलं. परत जाऊन फोनमध्ये म्हणाली, "झोपलाय तो. उठवू का?" मी डोळे मिटून, श्वाससुद्धा झोपेतल्यासारखा घेत, पलीकडून काय उत्तर येतं त्याची वाट बघत पडून राहिलो. "बरं बरं," आई म्हणाली. तिने फोन ठेवला, आणि मला हायसं वाटलं.